वेशीवरचा सिंह

नागपुरात राहणाऱ्या माणसाला चांदा काही दूर नाही. एस. टी.त बसावे, बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती ही गावे एकामागून एक मागे टाकावीत, मध्ये कुठेतरी चहा घ्यावा आणि दीडशे किलोमीटरांची मजल संपवून चांद्याला उतरावे. सरकारी दप्तरात हे गाव १९६४ पासून ‘चंद्रपूर’ झाले आहे. पण जुन्या पिढीच्या तोंडी ते अजून चांदाच आहे, आणि रेल्वेनेही आपल्या एका स्टेशनाचे ‘चांदा फोर्ट’ हे नाव सोडलेले नाही. उत्तरेकडून गावात शिरायचे म्हणजे जटपुरा दरवाजातून. गावकरी त्याला ‘जटपुरा गेट’ म्हणतात. आणि तिथे रोज सकाळ-संध्याकाळ जी वाहनांची कोंडी होते, तिला ते जे म्हणतात ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

अशा कोंडीत सापडलेला माणूस पुढच्या रिक्षाकडे पाहतो, मागून कर्णा वाजवणाऱ्याकडे रागाने पाहतो, हातातल्या घड्याळाकडे पाहतो. वर तेवढा पाहत नाही. वर पाहिले असते तर त्याला दगडात कोरलेले एक विलक्षण जनावर दिसले असते. सिंहासारखे आयाळ असलेले, छाती पुढे काढून उभे राहिलेले. आणि त्याच्या पायांखाली हत्ती. हत्ती लहान, सिंह मोठा. निसर्गाचा हिशेब इथे उलटा केलेला आहे, आणि तो मुद्दामच केलेला आहे.

मीही कित्येक वर्षे वर पाहिले नव्हते. एकदा पाहिले तेही चुकीचे पाहिले. ती चूक एका विद्यार्थ्याने सुधारली. तीच हकिगत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची सहल घेऊन मी चांद्याला गेलो होतो. सहल म्हटली की मास्तरांच्या अंगात वाटाड्या संचारतो. जटपुरा दरवाजापाशी मुलांना एका कडेला उभे करून मी तटाचा इतिहास सांगू लागलो. कोणा एका मुलीने त्या शिल्पाकडे बोट दाखवले. मी म्हणालो, “ती शोभेची नक्षी. अशी शिल्पे आपल्याकडे पुष्कळ देवळांवर नि किल्ल्यांवर आढळतात. चला पुढे.”

मुले पुढे निघाली. एक मुलगा मागे राहिला. राजुऱ्यापलीकडच्या डोंगरातल्या एका गावचा, शेवटच्या बाकावर बसणारा, वर्षभरात चार वाक्ये बोलला असेल तर शपथ. तो हळूच म्हणाला, “सर, ती नक्षी नाही जी. ते आमचं निशाण आहे.”

“आमचं म्हणजे?”

“आमच्या राजाचं. आमचे मेळावे असतात, तिथं फलकावर हेच असते.”

एवढे बोलून तो चालू लागला. मी मात्र तिथेच उभा राहिलो. ज्या मुद्रांवर, मोर्तबांवर आणि बखरींवर मी वर्षानुवर्षे वर्गात तासन्‌तास बोललो, त्यांतलीच एक मुद्रा माझ्या डोक्यावर उभी होती, आणि मी तिला नक्षी म्हणून मोकळा झालो होतो. शेजारचा मुलगा त्या मुद्रेचा वारस निघाला. तेव्हापासून त्या सिंहाचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही.

गावाला चिन्ह कशासाठी?

युरोपातल्या लहानसहान गावांतही एक प्रथा दिसते. प्रत्येक गावाचे आपले निशाण आणि आपली ढाल. ढालीवर कुठे किल्ला, कुठे मासा, कुठे गरुड. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचे चिन्ह अस्वल. ते ध्वजावर आहे, कारंज्यांवर आहे, आणि खरीखुरी अस्वलेही त्या शहराने शतकानुशतके पाळली आहेत. हे सगळे सुरू झाले बाराव्या शतकाच्या सुमारास. लोखंडी शिरस्त्राणात तोंड झाकून घेतलेला सरदार रणांगणात ओळखायचा कसा? मग ढालीवर खूण रंगवायची. सरदारांचे पाहून धर्मपीठांनी, धर्मपीठांचे पाहून गावांनी आपापल्या खुणा ठरवल्या, त्या मोहरेत कोरल्या आणि करारनाम्यांवर उमटवल्या. इंग्लंडात या खुणांची नोंद ठेवण्यासाठी १४८४ साली एक राजमान्य संस्थाच स्थापन झाली. ती आजही चालू आहे.

आपल्याकडे ही पद्धत नव्हती. आपल्याकडे निशाण असे ते फौजेचे किंवा देवाचे. जरीपटका फौजेपुढे चाले. देवळाच्या शिखरावर ध्वज फडके. मुद्रा राजाच्या पत्रावर उमटे. पण गावाचे म्हणून वेगळे निशाण नसे. गावाची ओळख सांगणारी जागा म्हणजे गावाची वेस. परका माणूस प्रथम तिथे थांबे, जकात तिथे द्यावी लागे, रात्री दरवाजा तिथे लागे. म्हणून ज्याला काही सांगायचे असे तो ते वेशीवर कोरून ठेवी. चांद्याच्या गोंड राजांनी नेमके हेच केले. कापडाचे निशाण वाऱ्या-पावसात फाटते, राज्य गेले की उतरते. दगडातले निशाण उतरवायला छिन्नी लागते, आणि छिन्नी चालवण्याइतका द्वेष लागतो.

ससा, कुत्रा आणि तट

चांद्याच्या स्थापनेची कथा विदर्भात पुष्कळांना तोंडपाठ असेल. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी नि फोड होते. त्यावरूनच त्याला ‘खांडक्या’ हे नाव पडले. त्याची राजधानी आधी शिरपूरला होती. राणीच्या सल्ल्याने त्याने ती वर्धेच्या काठी बल्लारपूरला आणली. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. एका खळग्यात थोडे पाणी होते. त्या पाण्याने तोंड धुतले, आणि त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. सकाळी पाहतात तो अंगावरचे फोड नाहीसे झालेले. खळगा मोकळा केला तेव्हा खडकात गाईची पाच पावले उमटलेली दिसली. तिथेच पुढे अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले.

मग राजा देवळाचे काम पाहायला येऊ लागला. एके दिवशी त्याने अजब देखावा पाहिला. झुडपातून एक ससा निघाला आणि राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा पुढे, ससा मागे! सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. दोघे मोठा फेर धरून धावत राहिले आणि शेवटी कुत्र्याने सशाला मारले. राणीने हे ऐकले आणि म्हणाली, “ही भूमी शूरांची आहे. ज्या वाटेने ससा धावला, त्या वाटेने तट बांधा.” तट बांधला, आणि आत चांदा वसले. हे सारे पंधराव्या शतकातले, असे सामान्यतः मानतात.

ही कथा पाठ्यपुस्तकी चिकित्सेपुढे टिकणार नाही, हे मला माहीत आहे. विजयनगरापासून इतर कितीतरी शहरांच्या नावावर सशा-कुत्र्याची हीच गोष्ट सांगतात. पण कथेतला एक धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लहानाने मोठ्याच्या मागे लागावे, दुर्बळाने बलवंताला पळवावे, हे या गावाने आपल्या जन्मकथेत लिहून ठेवले आहे. आणि त्याच गावाच्या वेशीवर हत्तीपेक्षा मोठा सिंह कोरलेला आहे. कथेतला ससा आणि दगडातला सिंह एकच गोष्ट सांगतात: आकार पाहू नका, हिंमत पाहा.

परंपरा असे सांगते की पाया खांडक्याने घातला, दरवाजे पुढे हीरशहाने उभारले आणि तट पुरा झाला तो धुंड्या रामशहाच्या काळात. म्हणजे एका गावाचा कोट पुरा व्हायला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. हीरशहाबद्दल आणखी एक आठवण सांगतात. त्याने दवंडी पिटवली, की जो रान तोडून जमीन लागवडीला आणील त्याला ती जमीन मिळेल, आणि जो तलाव बांधील त्याला तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन इनाम मिळेल. रानातले राज्य कसे वाढवावे याचे हे शहाणपण कोणत्याही दरबारी पंडिताच्या तोडीचे आहे. याच घराण्यातल्या बाबाजी बल्लाळशहाची नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे, त्याच्या पदरी एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे ती सांगते. गोंड राजे म्हणजे झाडाखाली बसलेले नाईक, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

तटाला चार दरवाजे: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर. त्यांखेरीज पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर. नावांतच गाव दिसते. देवाला जायची खिडकी वेगळी, स्मशानात जायची वेगळी, आणि चोराचीही सोय वेगळी!

सिंह की वाघ?

आता त्या जनावराकडे वळू. माझ्या विद्यार्थ्याने मला गप्प केले, पण मी म्हणालो होतो त्यात एक अर्धा भाग खरा होता. हत्तीवर मात करणारा सिंह हा प्रकार भारतभर आढळतो. जाणकार त्याला ‘गजशार्दूल’ म्हणतात. कोणार्कला सूर्यमंदिराच्या नाटमंडपापुढे सिंहाखाली हत्ती आणि हत्तीखाली माणूस, अशी प्रचंड शिल्पे आहेत. बीदरच्या किल्ल्याच्या एका दरवाजाला त्यावरच्या सिंहांमुळे ‘शर्झा दरवाजा’ हेच नाव पडले. आपल्या कोकणात जंजिऱ्याच्या महाद्वारापाशी जे जनावर आहे त्याने तर कमालच केली आहे. तोंडात, पंजांत आणि शेपटीतसुद्धा त्याने हत्ती धरले आहेत. एका वेळी इतके हत्ती सांभाळणारा प्राणी कोणत्याही राणीच्या बागेत मिळणार नाही.

मग गोंडांचे म्हणून त्यात विशेष काय? विशेष हेच, की इतर ठिकाणी हे शिल्प एखाद्या दरवाजाची किंवा देवळाची शोभा आहे. चांद्याला ते एका घराण्याची खूण झाले. ‘अ’ हे अक्षर साऱ्यांचेच असते, पण एखाद्याने आपल्या सहीची सुरुवात त्याने केली की ती सही त्याची होते. गोंडवानातले आजचे लोक या चिन्हाला ‘गजसोडूम’ म्हणतात. शब्द निराळा, मालकी स्पष्ट.

याच मुलुखात चिन्हाची आणखी एक साक्ष आहे. राजुऱ्याच्या पलीकडच्या डोंगरांत माणिकगड नावाचा जुना किल्ला आहे. गोंडांच्या आधी तिथे माना नाग घराण्याची सत्ता होती, असे परंपरा सांगते. त्या किल्ल्याच्या दरवाजावर नागाची आकृती आहे. म्हणजे वेशीवर नाग दिसला की राज्य नागांचे, गजशार्दूल दिसला की गोंडांचे. निरक्षर वाटसरूलाही वाचता यावी अशी ही पाटी होती.

भाषेच्या मास्तराला एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण त्या जनावराला सिंह म्हणतो. पण संस्कृतातल्या ‘शार्दूल’ शब्दाचा पहिला अर्थ वाघ. चांद्याच्या रानात सिंह नाही. वाघ मात्र आहे, आणि भरपूर आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा चांद्याच्या उशाशीच आहे. ज्या ‘तारू’ नावाच्या गोंड पुरुषावरून ताडोबा हे नाव आले, तो वाघाशी झुंजताना मेला असे सांगतात. त्याचे ठाणे तळ्याकाठी आहे. मूर्तिकाराने आयाळ काढली ती दरबारी रीत म्हणून; पण त्या आयाळीखालचे धैर्य याच रानातले असावे, असे मला वाटते. आणि हत्ती? जंगली हत्ती या भागातून केव्हाच नाहीसे झाले होते. २०२१ साली छत्तीसगडच्या बाजूने एक कळप गडचिरोलीत उतरला आणि तिथेच रमला. १९८२ पर्यंत गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. वेशीवरच्या दगडी हत्तीला एवढ्या काळाने जिवंत भाऊबंद भेटायला आले, असे म्हणायला हरकत नाही. शेतकऱ्यांचे धान त्यांनी तुडवले, हा मात्र भाऊबंदकीचाच भाग झाला.

राज्ये गेली, खूण राहिली

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशहा मारला गेला. त्याची राणी हिराई हिने नवऱ्याची देखणी समाधी बांधली, महाकालीचे देऊळ उभारले आणि दत्तकाच्या नावाने राज्य सांभाळले. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणसांचे लोंढे येतात. त्यांतल्या कितींना हे देऊळ एका गोंड राणीने बांधल्याचे ठाऊक असेल?

पुढे १७५१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतले. इथे क्षणभर थांबू या. जिंकणारा आला की पहिल्यांदा निशाण बदलतो. भोसल्यांचे निशाण चांद्यावर चढले. पण वेशीवरचा गजशार्दूल कोणी तासला नाही. याला औदार्य म्हणावे की दुर्लक्ष, हे मी ठरवीत नाही. मात्र नागपूरच्या भोसल्यांना गोंडांच्या मुद्रेची किंमत चांगली कळत होती, याचा पुरावा खुद्द नागपुरात आहे.

नागपूर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, १७०२ च्या सुमारास. पुढे देवगडच्या वारसांत भांडणे लागली आणि रघूजी भोसले आधी मदतीला आले, मग कारभारी झाले, मग मालक झाले. पण गोंड राजा बुऱ्हाणशहाला त्यांनी घालवले नाही. त्याला नागपुरात, त्याच्या किल्ल्यात, नेमणूक देऊन ठेवले. नवा भोसला गादीवर बसताना त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा राहिला, आणि काही महसुली कागदांवर त्याची मोहर उमटवण्याचा हक्कही त्याचाच राहिला. तलवार एकाची, तिजोरी त्याचीच; पण शिक्का दुसऱ्याचा! सत्ता जिंकून घेता येते, मान्यता घ्यावी लागते, हे त्या जुन्या मंडळींना पक्के ठाऊक होते.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून चांद्याचा तट फोडला आणि गाव घेतले. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि पुढच्याच वर्षी सारे नागपूर राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८५८ साली बाबूराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. तो तुरुंग कोठे? गोंड राजांच्याच जुन्या किल्ल्यात. पूर्वजांच्या भिंतींआड वारसाला फाशी! दर वर्षी त्या दिवशी तिथे माणसे जमतात. दिवाळीच्या आसपासच हा दिवस येतो; घरात फराळाची धामधूम असते आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याची आठवणही नसते.

आणखी एक तारीख या संदर्भात मला फार बोलकी वाटते: १ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्लीला मोठा दरबार भरला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले, आणि संस्थानिकांना विलायती धर्तीची रेशमी निशाणे वाटण्यात आली. रॉबर्ट टेलर नावाच्या इंग्रज अंमलदाराने प्रत्येकासाठी ढाल, आधाराचे प्राणी, खाली बोधवाक्य, असा इंग्रजी साचा आखून दिला होता. निशाणे एवढी जड होती की पेलणाऱ्यांचा घाम निघाला. त्याच दिवशी इकडे नागपुरात जमशेटजी टाटांनी आपली कापडगिरणी सुरू केली आणि नव्या सम्राज्ञीवरून तिला ‘एम्प्रेस’ नाव दिले. दिल्लीत निशाणे वाटली जात होती आणि नागपुरात कापड विणले जाऊ लागले होते! चांद्याला मात्र त्या दिवशी ना राजा होता ना आमंत्रण. म्हणून चांद्याच्या शार्दूलाला विलायती ढालीत अंग चोरून बसावे लागले नाही. ज्यांना निशाणे मिळाली त्यांतली बहुतेक आज संग्रहालयात आहेत. ज्याला मिळाले नाही त्याचे वेशीवर आहे.

निशाण कोणाचे?

निशाणाला किंमत कशाने येते, हे नागपूरकराला निराळे शिकवायला नको. १९२३ साली १ मे ते १८ ऑगस्ट असा साडेतीन महिने नागपूरने झेंडा सत्याग्रह चालवला. तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जायचे, एवढाच आग्रह. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल धावून आले, देशभरातून तुकड्या आल्या आणि हजारावर माणसे गजांआड झाली. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह त्या रस्त्यावरून गेली. त्या खादीच्या तुकड्याची बाजारात किंमत काही आणे असेल. पण त्यासाठी माणसे तुरुंगात जायला तयार होती, म्हणून तो निशाण झाला. नाही तर तो कापडच होता.

वेशीवरच्या दगडालाही हाच न्याय लागतो. आपले मानणारी माणसे त्याच्यापाशी असतील तर ती मुद्रा. नसतील तर नक्षी. मी त्याला नक्षी म्हणालो, कारण माझ्या लेखी त्याच्यामागे माणसे नव्हती. माझ्या विद्यार्थ्याच्या लेखी होती.

सुदैवाने तटाकडे पाहणारी माणसे चांद्यातही निघाली. २०१७ साली तिथल्या इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी तटावरची झाडेझुडपे, कचरा आणि माती काढायला सुरुवात केली. रोज पहाटे कुदळ-फावडी घेऊन ते कामाला लागत. दोनशे दिवस सतत चाललेल्या या श्रमदानाचा उल्लेख त्या वर्षी पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही झाला. पिढ्यान्‌पिढ्यांनी बांधलेल्या तटाला निदान दोनशे दिवस तरी कोणी दिले, हे थोडे नव्हे. झुडपे निघाल्यावर गावातल्याच माणसांना आपला तट दिसला. घरातली जुनी पेटी माळ्यावरून काढून पुसावी आणि झाकणावर आजोबांचे नाव निघावे, तसे ते झाले असेल.

त्या मुलाच्या गावी मी पुढे एका दिवाळीत गेलो. डोंगरातल्या राजगोंडांची दिवाळी आपल्यासारखी चार दिवसांत आटोपत नाही. दंडारीची पथके गावोगाव फिरतात. मोरपिसांचे मोठमोठे टोप घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी ढोलाच्या तालावर नाचतात, आणि सारे गाव पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेले असते. मुलाच्या वडिलांनी मला ओसरीवर बसवले. भिंतीवर एक कागदी तक्ता टाचणीने लावला होता, आणि त्यावर तोच हत्ती, तोच शार्दूल.

मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगू लागलो, की चांद्याच्या दरवाजांवर हे चिन्ह कसे आहे, ते किती जुने आहे, कोणार्कला काय आहे, जंजिऱ्याला काय आहे. ते शांतपणे ऐकत होते. मास्तरांचे संपल्यावर त्यांनी विचारले, “तुमचं घर नागपुरात ना जी? नागपूर बी आमच्याच राजानं वसवलं म्हणतात. तिथं किल्ला आहे म्हणे गोंड राजाचा. त्याच्या दारावर काय आहे?”

मी उत्तर दिले नाही. माझ्यापाशी ते नव्हते. महालात मी हजार वेळा गेलो असेन, कधी पुस्तकांसाठी, कधी दिवाळीच्या खरेदीसाठी. तो किल्ला कोठे आहे हेही मला ठाऊक होते. त्याच्या दाराकडे मान वर करून मात्र मी कधीच पाहिले नव्हते.

ते हसले. घरच्यांनी पुढे केलेला चहा माझ्या हातात देत म्हणाले, “पाहून घ्या जी एकदा. आणि पोराजवळ निरोप पाठवा.”

वाचकहो, निरोप अजून जायचा आहे. या दिवाळीत पणत्या आणि रांगोळीचे रंग घ्यायला महालात जाणे होईलच. मुलांना बरोबर घेणार आहे. खरेदीच्या आधी पाच मिनिटे त्या दारापुढे उभे राहायचे आणि वर पाहायचे, असे ठरवले आहे. आपणही आपापल्या गावच्या जुन्या वेशीखालून जाताना मान एकदा वर करून पाहावी. तिथे काय आहे ते ज्याचे आहे त्याला विचारावे, आणि सांगेल ते ऐकून घ्यावे. नक्षी म्हणून पुढे निघून जाण्याची माझी चूक आपल्या हातून होऊ नये, एवढीच या दिवाळीची शुभेच्छा.